विद्यार्थ्यांचे निबंधलेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना आणि उत्तरपत्रिका तपासताना पालकांनी व विद्यार्थ्यांनी निबंधाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझ्या वर्गातल्या अनुभवावर बेतलेली आहेत, त्यामुळे काही लांबली आहेत आणि काही दोन-तीन वाक्यांत संपली आहेत.

प्रश्न : दहावीच्या पेपरात निबंधाला आठच गुण असतात. त्यासाठी वर्षभर एवढा वेळ का घालवायचा?

राज्य मंडळाच्या दहावीच्या कुमारभारती मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि त्यांतले ८ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एका विषयाला आहेत. हिशेब फक्त गुणांचा असेल, तर व्याकरण पक्के करून तेवढे गुण कमी श्रमांत मिळतात, हे मी स्वतःच विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु बाकीच्या पेपराकडे नीट पाहिले, तर बहुतेक प्रश्नांचे उत्तर उताऱ्यात, कवितेत किंवा पाठ्यपुस्तकात कुठेतरी दिलेले असते आणि विद्यार्थ्याला ते शोधायचे असते. निबंधात मात्र समोर एक-दोन ओळींचा विषय आणि खाली कोरा कागद असतो. काय सांगायचे, कुठून सुरुवात करायची, काय गाळायचे आणि कुठे थांबायचे, हे सगळे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. इतिहासातले ‘सविस्तर उत्तर लिहा’ आणि विज्ञानातले ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नांत गडगडणारी मुले बहुधा विषयात कच्ची नसतात, तर मुद्द्याला मुद्दा जोडण्याची सवय नसल्यामुळे गडगडतात. ही सवय निबंधाच्या वहीत लागते.

प्रश्न : निबंध लिहिल्याने विद्यार्थ्यामध्ये नेमका काय फरक पडतो?

‘सर, मला येतंय, पण लिहिता येत नाही’ हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येते. बहुतेक वेळा त्या मुलाला ते पुरते आलेले नसते आणि यात त्याची लबाडीही नसते. मनातला विचार कितीही धूसर असला, तरी तो पूर्ण झाल्याचा भास होतो. बोलताना हातवारे, चेहरा आणि समोरच्याचा हुंकार त्यातल्या फटी बुजवून टाकतात. कागद हुंकार देत नाही. लिहायला बसल्यावर दुसऱ्याच वाक्याला पेन अडते आणि ते जिथे अडते, तिथे विचार कच्चा आहे असे खुशाल समजावे.

नववीतल्या एका मुलीने ‘मोबाइल : शाप की वरदान’ या घासून गुळगुळीत झालेल्या विषयावर लिहिताना ‘मोबाइलमुळे आजची पिढी बिघडली आहे’ अशी सुरुवात केली होती. मी समासात ‘कशावरून?’ एवढाच शेरा लिहून वही परत दिली. आठवड्याने वही आली तेव्हा निबंध वेगळाच झाला होता. तिचे वडील ट्रक चालवत असल्यामुळे दहा-दहा दिवस घराबाहेर असतात. रोज रात्री नऊच्या सुमारास ते व्हिडिओ कॉल करतात आणि धाकट्या भावाची पाढ्यांची वही पडद्यावर पाहून शाबासकी देतात. तोच मोबाइल त्यानंतर थोरल्या भावाच्या हातात जातो आणि मध्यरात्रीपर्यंत खेळ चालू राहतात. हे सगळे लिहून झाल्यावर तिने तीन छोटी वाक्ये लिहिली होती : ‘बाबांचा फोन असला की मोबाइल चांगला असतो. दादाने घेतला की वाईट असतो. म्हणजे बहुतेक प्रश्न मोबाइलचा नाही.’ त्यातला ‘बहुतेक’ हा शब्द मला फार मोलाचा वाटला, कारण पहिल्या मसुद्यात ठाम विधान करणारी मुलगी दुसऱ्या मसुद्यात आपले मत तपासून पाहू लागली होती. निबंधाचा फायदा विचारणाऱ्या पालकांना मी हेच उदाहरण देतो. तिला जे वाटते आहे असे ती समजत होती, ते तिला वाटत नव्हते आणि ते लिहिल्यामुळेच तिच्या ध्यानात आले.

प्रश्न : गाइडमधले चार-पाच निबंध पाठ केले तर काय बिघडते? गुण तर मिळतात.

मिळतात, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तपासणीच्या वेळी हातात मोठा गठ्ठा असतो, वेळ मोजका असतो आणि पाठ केलेल्या निबंधात शुद्धलेखनाच्या चुका कमी असतात, त्यामुळे परीक्षक बरे गुण देऊन पुढे जातो. मात्र एकाच गठ्ठ्यातल्या दहाव्या उत्तरपत्रिकेतही तोच मोर पिसारा फुलवून नाचू लागला, की त्या मोराला पूर्ण गुण द्यायला हात धजावत नाही, आणि परीक्षेत विषय थोडा वळवून विचारला तर पाठ केलेला निबंध जागेवरच उघडा पडतो.

खरे नुकसान गुणांपलीकडचे आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हणजे कायमच्या दुष्काळी पट्ट्यात, शिकवत असताना सातवीतल्या एका मुलाने ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहून आणला होता. त्यात नद्या-नाले दुथडी भरून वाहत होते, धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता आणि मोर तर होताच. त्या महिन्यात त्याच्या गावाला टँकरने पाणी येत होते. नदीला पूर आलेला तू शेवटचा कधी पाहिलास, असे मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘सर, आमच्याकडं नदी न्हाई, वढा हाय, आन् त्यो बी कोरडाच.’ मग तुझ्या गावात पाऊस आला त्या दिवशी काय झाले तेवढेच लिही, असे सांगून मी त्याला परत पाठवले. दुसऱ्या निबंधात जूनमधली एक संध्याकाळ होती. अर्धा तास पाऊस झाला. आजीने घरातली सगळी भांडी पत्र्याच्या कडेखाली मांडली, पण पत्र्यावरून येणारे पहिले पाणी धुळीने तांबडे असते म्हणून पहिली घागर तिने लिंबाच्या झाडाला ओतली आणि दुसरीपासून पाणी भरून ठेवले. पत्र्यावरचे पहिले पाणी पिण्याला घ्यायचे नसते, हे त्या मुलाला माहीत होते आणि त्याच्या शिक्षकाला त्या दिवशी कळले. पाठ केलेल्या निबंधाने ही आजी त्याच्या वहीतून हाकलून दिली होती. आपण जे रोज पाहतो ते लिहिण्याच्या लायकीचे नाही आणि लिहिण्याच्या लायकीचे सगळे दुसऱ्याच कुठल्यातरी गावात घडते, अशी समजूत मुलाच्या मनात एकदा बसली की ती काढणे फार अवघड जाते.

पाठांतराला माझा विरोध नाही. कविता, पाढे आणि सुभाषिते जरूर पाठ करावीत.

प्रश्न : ‘निबंध’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

‘नीट बांधलेले’ असा. संस्कृतात धर्मशास्त्रावरच्या संग्रहग्रंथांना निबंध आणि त्यांच्या कर्त्यांना निबंधकार म्हणत असत. युरोपात याच लेखनप्रकाराला फ्रेंच लेखक माँतेन्य याने १५८० मध्ये जे नाव दिले, त्याचा अर्थ मात्र ‘प्रयत्न’ किंवा ‘चाचपणी’ असा होतो. शाळेत आपण बांधणीवर इतका भर देतो की चाचपणी करायची राहूनच जाते, असे मला वाटते. मराठीत हा शब्द आजच्या अर्थाने घरोघर पोहोचला त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चा वाटा मोठा आहे. १८७४ ते १८८१ या काळात तिचे ८४ अंक निघाले आणि चिपळूणकर स्वतः शाळाशिक्षक होते, हे आम्हा शिक्षकांना जरा अभिमानाने सांगावेसे वाटते.

प्रश्न : शाळकरी मुलांच्या निबंधात वाचण्यासारखे काय असणार? त्यांना अनुभव तो कितीसा असतो?

निबंधमालेच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला होता. तिचे नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती आणि मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते. आज एकशे सत्तर वर्षांनंतरही तो निबंध अभ्यासला जातो आणि त्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही.

लेखन म्हणून तो कसा उभा आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे. ‘आमची स्थिती फार वाईट आहे’ एवढे म्हणून ती थांबत नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते आणि थंडीवाऱ्यात व पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असे ती वाचकाला विचारते. छप्पर हा एकच तपशील ‘अत्यंत हलाखी’ अशा शंभर शब्दांना भारी पडतो. पुढे तिचा युक्तिवाद येतो. वेद पाहण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा आहे असे म्हणतात, मग ज्यांना ते पाहण्याचीही मुभा नाही ते आपोआप धर्मरहित ठरतात. तर हे भगवंता, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असे ती म्हणते. समोरच्याचेच विधान हाती घ्यायचे आणि त्याचा निष्कर्ष त्याच्यासमोर ठेवायचा, ही वादाची रीत मोठमोठ्या विद्वानांनाही सहज साधत नाही. अनुभव कमी आहे म्हणून निबंध फिका पडतो हे मला पटत नाही. असलेल्या अनुभवाकडे पाहायला मुलाला कुणी सांगितलेलेच नसते, हे फिकेपणाचे कारण अधिक वेळा आढळते.

प्रश्न : मुलाला काही सुचतच नाही. काय करावे?

‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला विषय सांगू नये, प्रश्न विचारावेत. ‘माझी आई’ या विषयावर ‘माझी आई खूप प्रेमळ आहे’ याच्या पुढे गाडी सरकत नसेल, तर आई चिडते तेव्हा कोणता शब्द वापरते, तिच्या पर्समध्ये काय काय असते, ती शेवटची जोरात कधी हसली होती, असे विचारावे. एका मुलाने याच प्रश्नांना उत्तर देताना सांगितले की आईच्या पर्समध्ये लोकलचा पास, डोकेदुखीच्या गोळ्या आणि अर्धी सोललेली लसूण असते, कारण गाडीत बसायला जागा मिळाली की ती संध्याकाळच्या भाजीची तयारी करते. निबंध तिथेच तयार झाला होता आणि त्याला फक्त तो उतरवून काढायचा होता. सुचलेले सगळे मुद्दे आधी कच्च्या कागदावर वेडेवाकडे लिहावेत आणि मग त्यांतले निम्मे खोडावेत. खोडणे मुलांना जिवावर येते, पण बांधणी तिथूनच सुरू होते.

प्रश्न : सुरुवात सुविचाराने किंवा कवितेच्या ओळीने करावी का?

ती ओळ नसेल तर निबंधाचे काही अडेल का, हे आधी पाहावे. बहुधा अडत नाही.

प्रश्न : शुद्धलेखनाच्या चुकांमुळे मूल लिहायलाच घाबरते. चुका दाखवाव्यात की नाही?

दाखवाव्यात, पण पहिल्या वाचनात नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे एकूण अठरा नियम आहेत. ते हळूहळू अंगवळणी पडतात. लिहिता लिहिता प्रत्येक वेलांटीपाशी थांबणारे मूल विचाराचा धागा हरवून बसते. म्हणून पहिला मसुदा बेधडक लिहू द्यावा आणि दुसऱ्या फेरीत फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लावावे. लाल पेनाने पान रंगवण्यापेक्षा अर्थ बदलणारी एखादीच चूक समजावून सांगितली तर ती जन्मभर लक्षात राहते. ‘स्वातंत्र्यदिन’ ऐवजी ‘स्वातंत्र्यदीन’ लिहिणाऱ्या मुलाला ‘दीन’ म्हणजे केविलवाणा, एवढे सांगितले की वर्ग हसतो आणि ती वेलांटी पुन्हा चुकत नाही.

प्रश्न : निबंधात बोलीभाषेतले शब्द चालतात का?

परीक्षेतल्या निबंधाची निवेदनाची भाषा प्रमाण मराठी असावी, हे खरे. मात्र संवादात माणसे जशी बोलतात तशीच बोलू द्यावीत, कारण माणदेशातली आजी प्रमाण मराठीत बोलू लागली की ती आजी राहत नाही. ज्या शेतातल्या, घरातल्या किंवा धंद्यातल्या वस्तूला पुस्तकी भाषेत नेमका शब्दच नाही, तिचे गावातले नाव निःसंकोच लिहावे. कांदा साठवण्याच्या जागेला आमच्याकडची मुले ‘ऐरण’ म्हणतात आणि नाशिककडची ‘चाळ’ म्हणतात. दोन्ही लिहू द्यावेत. काही परीक्षक यावर खूण करतात, पण ती त्यांची चूक आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला लेखनिक मिळतो. सांगून लिहवलेल्या निबंधाचा त्याला काय उपयोग?

तितकाच, जितका स्वतः लिहिणाऱ्याला. अक्षर काढणे हे हाताचे काम आहे आणि निबंध रचणे हे मनाचे. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे तिच्या अखेरच्या ओव्यांतच नोंदलेले आहे, आणि म्हणून ती ज्ञानदेवांची नाही असे आजवर कोणी म्हटलेले नाही. फक्त अशा मुलाला सांगून लिहवण्याचा सराव वर्षभर मिळायला हवा. वाक्य पूर्ण मनात जुळवून मग उच्चारायचे, मागचा परिच्छेद वाचून दाखवायला सांगायचे आणि त्यात बदल सुचवायचा, हे वेगळे कौशल्य आहे. लेखनिकाची भेट थेट परीक्षेच्या दिवशी झाली, तर सवलतीचा वाढीव वेळही एकमेकांना समजून घेण्यातच जातो.

प्रश्न : आमची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तिने मराठी निबंध लिहिण्याची गरज आहे का?

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे, त्यामुळे थोडेफार तरी लिहावेच लागते. त्यापलीकडे एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. इंग्रजीत गुळगुळीत निबंध लिहिणाऱ्या मुलीला घरातले भांडण, आजोबांचे आजारपण किंवा गल्लीतला गणपती यांविषयी लिहायला सांगितले, की इंग्रजीत तिची वाक्ये आखडतात आणि मराठीत, चुकत-माकत का होईना, ती मोकळी होतात. परदेशातल्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत उलटेही घडते, म्हणून तिथे चार ओळींवर समाधान मानावे आणि आजीला पाठवण्याच्या पत्रापासून सुरुवात करावी.

प्रश्न : चॅटजीपीटी दोन मिनिटांत निबंध लिहून देते. मग हा खटाटोप कशाला?

निबंध मिळवायचा असेल तर खरोखरच कशाला. पण शाळेला निबंध नको असतो. रोज तीस-चाळीस वह्या वाचून कोणत्याही शिक्षकाला निबंधांची टंचाई भासत नाही. वर सांगितलेल्या मुलीचे ‘बहुतेक’पर्यंत पोहोचणे शाळेला हवे असते आणि ते तिच्या ऐवजी दुसऱ्या कोणाला करता येत नाही. गाइड आणि यंत्र यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही, फक्त यंत्राचा मोर जास्त सफाईने नाचतो. स्वतःचा मसुदा पूर्ण झाल्यावर ‘माझा कोणता मुद्दा दुबळा वाटतो?’ असे यंत्राला विचारण्याला माझी हरकत नाही. सध्या मी पहिला मसुदा वर्गातच, हाताने लिहून घेतो.

प्रश्न : पुढे स्पर्धा परीक्षांना याचा उपयोग होतो का?

होतो, आणि तिथे गुणांचा हिशेबही उलटतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा आहे. तीन तासांत प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात आणि ते मराठीतूनही लिहिता येतात. गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १७५० लेखी गुणांचा हा सातवा हिस्सा झाला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा अनेक वर्षे मुख्यतः बहुपर्यायी होती. ती वर्णनात्मक करण्याचे ठरले तेव्हा बदलाला मुदत मिळावी म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. या नव्या रचनेतही निबंधाला २५० गुण आहेत.

त्या आंदोलनातल्या मुलांची मागणी मला अवाजवी वाटली नाही. बहुपर्यायी प्रश्नांच्या तयारीत पाच-सहा वर्षे घालवलेल्या माणसाला एकदम बाराशे शब्द लिहायला सांगणे कठीणच आहे. पण त्यांच्यापैकी माझ्याकडे आलेल्या काही जणांच्या वह्या पाहिल्यावर असे दिसले, की त्यांना माहिती भरपूर होती. सिंचनाचे आकडे, आयोगांची नावे, कलमे तोंडपाठ होती, आणि तरीही तिसऱ्या परिच्छेदाचा चौथ्याशी काय संबंध आहे ते सांगता येत नव्हते. त्यांतल्या एकाला मी ‘माझ्या गावातील विहीर’ हा सहावीतला विषय दिला. तो आधी रागावला आणि मग दोन तास लिहीत बसला.

प्रश्न : पालकांनी निबंध दुरुस्त करून द्यावा का?

देऊ नये. ऐकावा. मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगावा आणि जिथे आपल्याला समजले नाही तिथे ‘हे मला कळले नाही’ एवढेच म्हणावे. आपण घातलेले सुंदर वाक्य शिक्षकाला लगेच ओळखू येते, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : किती दिवसांनी एक निबंध लिहावा?

पंधरा दिवसांनी एक पुरेसा आहे, मात्र तो दोनदा लिहावा. दर आठवड्याला नवा विषय घेऊन एकदाच लिहिण्यापेक्षा एकच निबंध आठ दिवसांनी पुन्हा लिहिण्याने जास्त फरक पडतो. वही एकच ठेवावी, पानांवर तारीख घालावी आणि वर्ष संपल्यावर ती रद्दीत देऊ नये. सहावीतला एखादा विषय दहावीत आल्यावर, जुना निबंध न दाखवता, पुन्हा लिहायला द्यावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून मुलालाच वाचू द्यावेत.